महिनाभराची चूल

३ फेब्रुवारी, शनिवार

ही डायरी भावनाने, म्हणजे आमच्या मुलीने, जानेवारीत शहापूरहून पाठवली होती. आजपर्यंत डायरीत एक अक्षर नव्हतं. आज डॉक्टर म्हणाले, डोळ्यात थेंब घालायच्या वेळा लिहून ठेवा, म्हणून बाहेर काढली. मुरबाड डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. वेळा लिहायचं मला कोणी शिकवायला नको.

बायकोच्या, म्हणजे कमळच्या, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन कल्याणला झालं. मोतीबिंदू काढला. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने गेला. तेव्हा ती म्हणत होती की बाजूचं दिसत नाही, आणि मी म्हणत होतो की चष्म्याचा नंबर वाढला असेल, बघू सवडीने. ती सवड मला अजून टोचते. तर आता हा एकच डोळा आहे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे हिरव्या पडद्याच्या पलीकडे. कमळ अलीकडे खाटेवर होती, पण डोळ्याला पट्टी होती, तिला काय कळणार. डॉक्टर म्हणाले, "वर्षानुवर्षं धुरात बसून बुबुळ खराब झालंय. चूल आता बंद. महिनाभर नाही, कायमची. हा गेला तर माझ्या हातात काही नाही." मी विचारलं, सणावाराला कधीतरी? म्हणाले, "नाही."

जीपमध्ये तिने विचारलं, "डाक्टर काय म्हनले?"

मी म्हटलं, "महिनाभर धुराजवळ जायचं नाही."

तिने परत विचारलं, "महिनाच ना?"

"महिनाच."

"बरं," म्हणाली, आणि आमच्या गावाआधीची धसई येईपर्यंत बोलली नाही. मला वाटलं होतं आदळआपट करील. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्या चुलीपुढे बसली, त्याला चौतीस वर्षं झाली. एकदम सगळं सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. आधी डोळा बरा होऊ दे, मग बघू.

थेंब: ४, ६, ८, १०.

५ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस मी गॅसवर स्वयंपाक करतोय. म्हणजे खिचडी. सकाळी खिचडी आणि संध्याकाळी सकाळची खिचडी. कमळला उजेड सोसत नाही म्हणून दार लोटलेलं, खिडकीला चादर लावलेली.

अकराच्या सुमारास ओटीवर रडण्याचा आवाज आला. दार उघडतो तर शेजारची सकुबाई. तिच्यामागे चार बायका, सगळ्यांचे पदर डोक्यावर, आणि सकुबाईच्या हातात झाकलेली टोपली. मला बघून तिने मोठा हुंदका दिला. "चंदरभाव, कळवलंत पन नाय," म्हणाली.

मी म्हटलं, "काय कळवायचं?"

तेवढ्यात आतून कमळचा आवाज. "कोन, सकू? अगो रडतेस काय? कोन गेला?"

टोपली पडता पडता राहिली.

झालं असं की शनिवारी तिन्हीसांजेला मी हिला जीपमधून उतरवलं, ते सकुबाईने लांबून बघितलं. डोळ्याला वारा लागू नये म्हणून शाल डोक्यावरून गुंडाळलेली, मी जवळजवळ उचलूनच आणलेली. त्यानंतर दोन दिवस दार बंद आणि कौलांतून धूर नाही. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे भात-पिठलं करून आणतात. सकुबाई काय समजायचं ते समजली. तिचं तरी काय चुकलं.

मग सगळ्या आत येऊन हसत बसल्या. कमळही हसली. हसताना डोळ्याला ताण पडतो असं मी दोनदा बजावलं, पण त्या पाचजणींपुढे माझं कोण ऐकतं. पिठलं फार चांगलं होतं. दोन दिवसांच्या खिचडीनंतर मी तीन वेळा वाढून घेतलं. कमळने घेतलं नाही.

बायका गेल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं. म्हणाली, "मी जित्ती असताना माझ्या घरची चूल बंद. बाया पदर घेऊन आल्या माझ्या दारात."

"अगो, गॅसवर शिजवतोय ना मी."

"गॅसचा धूर कुनाला दिसतो?"

मग म्हणाली, "उद्या मी पेटवते. डोळा मिटून पेटवता येती मला."

ती पेटवील. मी ओळखतो तिला. माझी झोप लागायची वाट बघेल आणि पहाटे चुलीपुढे बसलेली सापडेल. आणि मग तो डोळा. मी म्हटलं, "मी पेटवतो रोज. तू आत पाऊल टाकायचं नाही."

"तुमी?" म्हणाली. एवढंच. एकतीस वर्षांत कुठल्या पॅसेंजरने माझा एवढा अपमान केला नव्हता.

६ फेब्रुवारी, मंगळवार

चूल पेटवली. म्हणजे पेटवायला बसलो.

कमळला ओटीच्या टोकाला खुर्ची मांडून दिली, वाऱ्याच्या उलट बाजूला, काळा चष्मा लावून. ती म्हणाली, सांगते तसं करा. मी म्हटलं, काडीपेटी आहे, लाकडं आहेत, सांगायचं काय त्यात.

अकरा काड्या गेल्या. पेपरचा बोळा भडकायचा, मिशा पोळायचा आणि विझायचा. लाकडाला आचसुद्धा लागायची नाही. वर धूर असा की मला माझेच हात दिसेनात.

ओटीवरून आवाज आला, "पेपर जाळतां काय?"

"तुला कसं कळलं?"

"वास येतो ना. लाकडं कशी ठेवलीत?"

"एकावर एक. नीट रचून."

"बाजाराच्या दिवशी तुमी गाडी भरायचां तशी?"

मी म्हटलं, "हो, तशीच."

"मंग ती कशी पेटेल? तिला दम घ्यायला जागा कुठं हाय?"

शेवटी चहा गॅसवर केला. पण धूर कौलांतून भरपूर गेला असावा, कारण सकुबाईने तिच्या अंगणातून हाक मारून विचारलं की आज वैनीला बरं वाटतंय ना. कमळ समाधानाने म्हणाली, "हां, बरं हाय." माझे डोळे चार वाजेपर्यंत लाल होते. तिने माझ्या डोळ्यांची चौकशी केली नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

सात काड्या. पेटली, विझली, पेटली, विझली. फुंकणीने फुंकायला गेलो तर सगळी राख माझ्या तोंडावर. कमळ म्हणाली, "इझवतां की पेटवतां? लांब फुंका, हळू. दुधावरची साय बाजूला करतां तशी."

पाणी कोमट झालं. अंघोळ केली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पेटली. तीन काड्यांत. भात झाला, डाळ झाली, अंघोळीचं पाणी कडकडीत झालं.

विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. आदली राख काढायची पण सगळी नाही, दोन बोटं राहू द्यायची. दोन्ही अंगांना दोन जाड लाकडं, मधे हात जाईल एवढी जागा. त्या जागेत पातेरा, म्हणजे सुका पाला, त्याच्यावर करवंदीच्या काटक्या, त्याच्यावर आडव्या ढलप्या, मोकळ्या मोकळ्या. काडी लावायची ती खालून, चुलीच्या तोंडाशी. ढलप्यांनी नीट धरलं की मगच जाड लाकडं आत सारायची. फुंकणी शेवटी. घाई केली की संपलं.

कमळला बसल्या जागी सगळं कळतं. आतलं काही दिसत नाही, तरी म्हणाली, "आता लागली. आवाज बदलला." मी कान देऊन ऐकलं. खरंच बदलला होता. आधी नुसती तडतड होती, मग एक सलग घरघर सुरू झाली. चौतीस वर्षं मी शेजारच्या खोलीत चहाची वाट बघत बसायचो, मला हा आवाज कधी ऐकू आला नव्हता.

पहिला घास चुलीला द्यायचा असतो, तेही तिनेच सांगितलं. दिला.

१२ फेब्रुवारी, सोमवार

भाकरीचा प्रश्न सुटला. गेले दोन दिवस मी तांदळाची भाकरी थापत होतो. पहिली कोयरीसारखी झाली, दुसरीचे तीन तुकडे, तिसरी हाताला चिकटली ती निघेचना. कमळने मुकाट खाल्ल्या. कमळ मुकाट खाते तेव्हा पदार्थ फारच वाईट झालेला असतो.

आज तिनेच युक्ती काढली. ती ओटीवर खुर्चीत बसते, पुढे स्टुलावर परात. वाकावं लागत नाही. ती केळीच्या पानावर भाकरी थापते. मी पान दोन हातांवर घेऊन उंबरा ओलांडतो, भाकरी तव्यावर उलटी टाकतो आणि पान सोलून काढतो. ओटीपासून चुलीपर्यंत तेरा पावलं. पाच भाकऱ्यांच्या फेऱ्या मारल्या. ती म्हणाली, "कंडक्टर, पुढची गाडी तयार हाय." मी म्हटलं, "चला, मधे सरका." दोघंही बराच वेळ हसत होतो.

भाकरी टम्म फुगली. भाजली मी, तेव्हा फुगवली मीच असं म्हणायला हरकत नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

एक काडी. लिहून ठेवतो: एक काडी.

सकुबाईचा नवरा राघो सुतारकाम करतो. तो आज एक पाट घेऊन आला. सागाचा, नेहमीच्या पाटापेक्षा चांगला वीतभर उंच. कमळने परस्पर सांगून करवून घेतला. म्हणाली, "तुमचे गुडघे दुखतात. माझा पाट तुमाला खाली पडतो."

मी म्हटलं, "अगो, राहिले किती दिवस? पंधरा-सोळा. त्यासाठी नवा पाट?"

"असू दे," म्हणाली.

बायकांना वस्तू करून घ्यायची हौसच असते. गुडघ्यांना मात्र आराम पडला. तिचा जुना पाट तिने मला धुऊन उन्हात ठेवायला सांगितला, आणि मग माळ्यावर ठेवायला सांगितला. मी म्हटलं, लागेल ना तुला महिन्याने. म्हणाली, "तवा काढू."

१८ फेब्रुवारी, रविवार

आज मी फार वाईट वागलो.

दुपारी जेवून पडलो होतो. डोळा उघडला तर कमळ खाटेवर नाही. उठून बघतो तर स्वयंपाकघरात, चुलीपुढे जमिनीवर बसलेली. चूल थंड होती. ती चुलीच्या कडेवरून तळहात फिरवत होती, सारवताना फिरवतात तसा, पण हातात ना शेण ना माती.

मला वाटलं, ही पेटवणार. माझ्या डोक्यात एकदम तो डॉक्टर, तो पडदा, सगळं आलं आणि मी ओरडलो. काय बोललो ते इथे लिहवत नाही. तुला आंधळं व्हायचंय का, असंही बोललो. तिने हात काढून घेतला. म्हणाली, "थंड हाय. नुसती बसली व्हती." उठायला मी हात दिला तो तिने घेतला नाही.

तिच्या गालावर ओलं होतं. मी विचारलं, थेंब घातले का तू? म्हणाली, "हां, थेंबच." पण थेंबांची वेळ चारची, आणि बाटली माझ्या खिशात होती. मी आणखी चिडलो की दुसरी बाटली आणली कोणी. आता लिहिताना वाटतं, त्या वेळी चिडण्यासारखं काही नव्हतं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

बोलत नाही. भाकऱ्या थापून देते, पण "गाडी तयार" म्हणत नाही. मी दोनदा "मधे सरका" म्हटलं. काही उपयोग नाही.

संध्याकाळी मी सरळ सांगितलं, "कमळ, मला भीती वाटते म्हणून मी ओरडलो. डावा डोळा माझ्यामुळे गेला."

ती म्हणाली, "तुमच्यामुळं नाय गेला. काचबिंदूमुळं गेला. भात चढवा आता."

भात चढवला.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

हे व्हायला नको होतं.

पडवीतली सुकी लाकडं संपत आली म्हणून मी मागच्या आंब्याची तोडलेली फांदी वापरली. मला वाटलं, तोडून दोन महिने झाले, वाळली असेल. टोकाला फेस यायला लागला आणि हिस्स असा आवाज. कमळ ओटीवरून म्हणाली, "ओलं हाय ते, काढा." मी म्हटलं, धरेल आत्ता. एक काडीचा माणूस ना मी. तेवढ्यात वारा फिरला. धुराचा लोट स्वयंपाकघरातून थेट ओटीवर, तिच्या तोंडावर गेला.

मी ते लाकूड तसंच हाताने ओढून अंगणात फेकलं. तिला ओटीवरून उतरवून धुरापासून लांब नेलं. डोळा लालबुंद झाला होता, पाणी थांबत नव्हतं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चोळू नका, हे थेंब दर तासाला, उद्या सकाळी लाली उतरली नाही तर लगेच घेऊन या.

दर तासाला थेंब. माझ्या हाताला फोड आलाय तो तिनेच बघितला, त्याच एका डोळ्याने. म्हणाली, "खोबरेल लावा." मी म्हटलं, उद्यापासून चूल बंद. सकुबाई काय रडायची ती रडू दे.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

लाली उतरली. डॉक्टर फोनवर म्हणाले, थोडक्यात वाचलात. मी देवळात जाऊन आलो. मी सहसा जात नाही.

चूल बंदच ठेवणार होतो. तिला सगळं खरं सांगूनही टाकणार होतो, की महिना नाही, जन्मभर. तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली, "चुलीचा दोष नाय. लाकडाचा हाय. लाकूड बदला, आनि वरचं कौल उघडा."

"कुठलं कौल?"

चुलीच्या बरोबर वर एक कौल सुटं आहे. खालून बांबूने ढकललं की उघडतं आणि धूर सरळ वर जातो. पावसात मिटायचं. मी या घरात जन्मलो, मला हे माहीत नव्हतं. "मग चौतीस वर्षं तू धुरात का बसायचीस?" मी विचारलं. म्हणाली, "पाच वर्सं झाली, खांदा धरलाय, बांबूवर हात पुरत नाय. तुमाला सांगायचं कायम राहून जायचं."

मी कौल उघडलं. नंतर बराच वेळ तिच्याशी नजर मिळवली नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

कमळ हल्ली फार शिकवते. आज मला घेऊन रानाच्या कडेला गेली, टोपी, चष्मा, सगळं नीट घालून. ऐनाचं लाकूड कसं ओळखायचं, खैर किती वेळ निखारा धरतो, बांबू चुलीत का घालू नये, तो फुटतो. मग पावसाळ्याची बेगमी. होळी झाली की लाकडं फोडून घ्यायची, मे महिन्यात दोन उन्हं द्यायची, माळ्यावर भिंतीला न टेकवता रचायची, शेणी, म्हणजे गोवऱ्या, वेगळ्या, वरच्या फळीवर.

मी म्हटलं, "हे मला कशाला? पावसाळ्यापर्यंत तू बसशील ना चुलीपुढे."

बोलताना जीभ अडखळली माझी. पण तिच्या काही लक्षात आलं नाही. म्हणाली, "ऐकून ठेवा. काय जातंय?"

मग नवी चूल कशी घालायची तेही सांगितलं. माती वारुळाची, त्यात तूस मळायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर तडा जातो. मी सगळं डायरीत उतरवून घेतलं, तिचं मन राखायला. बिचारीला वाटतंय महिना भरला की सगळं आधीसारखं होणार.

५ मार्च, मंगळवार

महिना परवा भरला, तेव्हा मी कमळला तपासणीपर्यंत थांबायला सांगितलं आणि ती "बरं" म्हणाली. आज भावनाचा फोन. मी अंगणात जाऊन बोललो. तिला खरं माहीत आहे. म्हणाली, "बाबा, तुमी आईला अजून सांगितलं नाय?" मी म्हटलं, तपासणीच्या दिवशी सांगतो. ती म्हणाली, "आईशी बोलले मी काल. मला नाय वाटत तुमाला जास्त काय सांगावं लागेल." मुलगी असून तिला आईचा स्वभाव माहीत नाही याचं नवल वाटलं. या बाईला चुलीवरून उठवणं म्हणजे काय, ते मला विचारा.

काल कमळ सकुबाईला सांगत होती, "आमच्याकडं चूल आता हेच पेटवतात. मस्त पेटवतात." मी दाराआड ऐकलं. मला इतका आनंद झाला की मी परत एकदा जाऊन लाकडं सारखी केली, गरज नसताना.

११ मार्च, सोमवार

परवा कल्याण. काय बोलायचं ते ठरवतोय. "कमळ, डॉक्टर म्हणतात अजून थोडे महिने." नको, पुन्हा खोटं. "कमळ, तू खूप केलंस, आता आराम कर." ती विचारील, आराम करून काय करू? चुलीपुढची जागा तिची होती. घर माझ्या बापाचं, जमीन आजोबांची, सातबारा माझ्या नावावर. तिची म्हणून तेवढी एक जागा होती, आणि तिथे आता मी पाट टाकून बसलोय. हे मला आजच सुचलं आणि जेवण गेलं नाही.

१३ मार्च, बुधवार

डोळा चांगला आहे. आधी हे लिहितो. तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ तिने वाचली. नवा चष्मा मिळाला. बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "मिशा अर्ध्या जळल्यात तुमच्या. सांगायचं तरी."

परतताना मुरबाडच्या स्टँडवर धसईच्या गाडीची वाट बघत बसलो. ज्या बाकावर मी ड्यूटी संपल्यावर बसायचो तोच बाक. मी म्हटलं, "कमळ, तो महिना मी सांगितला ना—"

"जन्मभर ना?" ती म्हणाली. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"डाक्टर सांगत व्हते तवापासून. पट्टी डोळ्याला व्हती, कानाला नाय."

आजूबाजूला कंडक्टर लोक ओरडत होते, कोणी मला "राम राम चंदरभाऊ" म्हणालं, मी उत्तर दिलं नसावं. शेवटी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी महिना म्हनालां तवा तुमचा आवाज असा झाला व्हता, म्हटलं आता नको. मंग वाटलं, बरंच हाय. जन्मभर म्हनलं असतं तर तुमी पहिल्याच दिशी हात वर करून दुसरा शिलिंडर आनला असता. महिनाच हाय म्हनून शिकलां."

"म्हणजे तो पाट..."

"मंग काय. पंधरा दिसांसाठी सागाचा पाट करतो का कोनी?"

मला एकेक आठवायला लागलं. वारुळाची माती, मे महिन्यातली दोन उन्हं, माळ्यावर ठेवलेला तिचा पाट. मी तिला सांभाळून घेतोय असं मला वाटत होतं आणि ही सगळा वेळ मला घर हवाली करत होती, एकेक वस्तू, न बोलता. त्या रविवारी थंड चुलीवर ती हात का फिरवत होती तेही कळलं. ते मात्र मी तिला विचारलं नाही. विचारणारही नाही.

मला रडू आलं. भर स्टँडवर, डेपोची माणसं बघत असताना. तिने पदर पुढे केला आणि म्हणाली, "कोनी इचारलं तर सांगा, धूर गेला डोळ्यात."

धसईची गाडी लागली आणि सुटलीसुद्धा. मागची पकडली.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी चूल एका काडीत पेटली. चहा ठेवला, हाक मारली. ओ नाही. ओटीवर बघितलं, खुर्ची रिकामी. मागच्या दारी नाही. धावत बाहेर आलो.

ती अंगणाच्या पार टोकाला, पेंढ्याच्या उडवीजवळ उभी होती. नवा चष्मा लावून, मान वर करून. उन्हं नुकतीच आली होती.

मी म्हटलं, "काय बघतेस? चहा निवतोय."

"धूर," म्हणाली. "आपल्या घराचा. सकूच्या घराचा रोज बघायची, सगळ्या गावाचा बघितला. आपला कधी बघितलाच नाय. तो निघायचा तवा मी त्याच्याखाली बसलेली असायची."

मी वर बघितलं. उघड्या कौलातून सरळ निघत होता, निळसर, वर गेल्यावर धसईच्या बाजूला वळत होता. मी आतून चहा आणला आणि तिथेच तिला दिला. तिने कप हातात धरला, पण नजर काढली नाही. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. चौतीस वर्षांत आम्ही असे कधी उभे राहिलो असू, मला आठवत नाही. फार बरं वाटलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बारीक झाला बघा. जावा, एक लाकूड सारा आत."

मी आत जाऊन लाकूड सारलं.